म्हणा, मॅडम

काहीही केलं की साळवे सर ते समोरच्या माणसाला मोठ्यानं बोलायला लावायचे. खिडकी लावली की, "म्हणा, लावली." सील मारलं की, "म्हणा, मारलं." मला आधी वाटलं, शाळामास्तर आहेत, वर्गातली सवय सुटत नसेल. नंतर कळलं की हा माणूस मुळात घाबरट होता, आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

मी महापालिकेच्या पाणी विभागात कारकून, राहायला भाईंदरजवळ सिल्व्हर पार्कला. इलेक्शन ड्यूटीची ऑर्डर हातात पडली की मी घाबरून जाते. काही चुकलं तर चौकशी, सस्पेन्शन, पेपरात नाव, सगळं डोळ्यांसमोर नाचायला लागतं. लोकसभेच्या ट्रेनिंगला साळवे सर शेजारी बसले होते. ते आमच्या केंद्राचे केंद्राध्यक्ष, मी त्यांच्या हाताखाली. त्यांना हे सांगितलं, म्हटलं धीर देतील. कसचं काय! म्हणाले, "घाबरा, मॅडम. भरपूर घाबरा. मी एवढ्या लोकसभा काढल्या त्या भीतीवरच."

सर मूळचे जालन्याकडचे, पण सगळी नोकरी इथेच गेली, घर जवळच नवघर गावात. त्यांच्याकडे खाकी कव्हरची एक वही होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, ‘आमच्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास’. मी उत्सुकतेनं उघडली तर कोण जिंकलं, कोण आपटलं, याचा पत्ताच नाही! "ते पेपरवाले लिहितात की," सर म्हणाले. "कुठे चुकलं ते कोण लिहिणार?"

वहीत फक्त चुका होत्या. कागदी मतपत्रिकांच्या काळात एका केंद्रावर शाईची बाटली मतदारयादीवर सांडली. एकदा पेटी सील केली आणि यादी पेटीतच राहिली. मशीन पहिल्यांदा आलं तेव्हा नवघर गावातली एक म्हातारी बटण दाबायलाच तयार होईना. "माजा शिक्का कुठं हाय? शिक्क्याबिगर मत न्हाय!" तिला समजवायला एक अधिकारी पडद्याआड गेला आणि त्याच्यावर बोंब झाली. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर विधानसभेला गल्लीची एक बाजू इकडे आणि दुसरी तिकडे गेली, लोकसभेला मात्र सगळे ठाणे मतदारसंघातच. लोक गोंधळले आणि भलत्याच केंद्राच्या रांगेत दोन दोन तास उभे राहिले, कारण कोणीतरी बाणाचा बोर्ड उलट्या दिशेला लावला होता. प्रत्येक चुकीपुढे ती करणाऱ्याचं नाव होतं.

"नाव कशाला, सर?" मी वही मिटून विचारलं.

"नाव दिसलं की पुढचा घाबरतो. माझं नाव यात अजून आलेलं नाही. ही माझी शेवटची लोकसभा. एवढी निभावली की सुटलो."

आमचं केंद्र भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत होतं. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी पक्षांच्या एजंटांसमोर लुटुपुटीचं मतदान करून दाखवतात, त्याला मॉक पोल म्हणतात. निकाल जुळला की ‘क्लिअर’चं बटण दाबायचं, म्हणजे मशीन शून्यावर येतं. सरांनी बटण दाबलं. "म्हणा, मॅडम." मी स्क्रीनवर शून्य बघितलं आणि म्हटलं, "क्लिअर."

तेवढ्यात एक एजंट धापा टाकत आला. "साहब, मेरे सामने तो हुआ ही नहीं. एक बार दिखा दो ना." सरांनी त्याच्यासाठी पुन्हा प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून दाखवलं. सगळी मिळून चौदा. सात वाजत आले होते, बाहेर रांग होती, कोणीतरी दार ठोकत होतं. सरांनी सील हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "क्लिअर?"

मी यादी उघडत होते. मघाचाच शब्द तोंडात होता. "क्लिअर, सर." स्क्रीनकडे मी बघितलंसुद्धा नाही.

नऊला पहिला आकडा कळवायचा होता. नोंदवहीत त्रेसष्ट मतदार, मशीनवर सत्याहत्तर. सरांनी नोंदवही दोनदा मोजली. मग अगदी हळू म्हणाले, "चौदा."  एजंट हाताच्या अंतरावर चहा पीत बसले होते, कोणाला काही कळलं नव्हतं. मी कुजबुजले, "सर, राहू द्या ना. आत्ता कशाला बोलायचं?" हे मी बोलले. आजही आठवलं की मान खाली जाते.

सरांचा रुमाल ओला झाला होता, ओठ थरथरत होते. इतका घाबरलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. "मॅडम, चौदा मतं पडली आणि माणूस एकही आलेला नाही," ते म्हणाले. "हे दाबून मला घास गिळवेल का?" आणि तसेच थरथरत उभे राहिले, एजंटांना मोठ्यानं सगळं सांगितलं, मग झोनल अधिकाऱ्यांना फोन लावला. मग जो आरडाओरडा झाला तो काय सांगू! अधिकारी आले, त्या चौदा जादा मतांची लेखी नोंद करून तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या, त्यांच्या सूचनेप्रमाणे मतदान पुढे चालू झालं. जाताना त्यांनी विचारलं, "क्लिअर कोणी विसरलं?"

"मी. बटण माझ्या हातात होतं," सर म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. माझं तोंड उघडलंच नाही.

सरांना नोटीस आली, चौकशी लागली. ती चालू असतानाच ते रिटायर झाले. मला त्यांनी कधी एका शब्दानं टोचलं नाही. मीच नवघरच्या रस्त्यानं जायचं टाळायला लागले. वर्षभरात ते गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा साळवे वहिनींनी खाकी वही माझ्या हातात ठेवली. "ह्यांनी सांगून ठेवलं होतं, जाधव मॅडमना द्या."

कितीतरी दिवस मी ती उघडली नाही. माझं नाव त्यात असणार, दुसरं काय असणार? आता पुन्हा ड्यूटीची ऑर्डर आली आहे, या खेपेला केंद्राध्यक्ष म्हणून. शेवटी काल धीर केला. शेवटच्या पानावर एवढंच होतं: ‘मॉक पोल दुसऱ्यांदा घेतला. क्लिअर राहिलं. साळवे.’

माझं नाव कुठेच नव्हतं. मला रडू आवरेना. मग पेन घेतलं आणि त्यांच्या नावाशेजारी माझं नाव लिहिलं, आडनावासकट, पूर्ण. खोलीत कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हटलं, "लिहिलं, सर."