उकंडाच्या कमरेची दोरी

उकंडाचं पंक्चरचं दुकान पुसदच्या रस्त्यावर, एका कडुनिंबाखाली. दुकान म्हणजे टिनाचे चार पत्रे, हवा भरायचा एक जुना कंप्रेसर आणि पुढ्यात पाण्यानं भरलेलं घमेलं. ट्यूब घमेल्यात बुडवायची, फिरवायची, बुडबुडे निघाले की तिथं खूण करायची. चाळिशी ओलांडलेल्या या गड्याच्या वाट्याला तेवढंच पाणी आलं होतं. मनगटापर्यंतचं.

ते काही देवानं ठरवलेलं नव्हतं, रामीबाईनं ठरवलं होतं. रामीबाई म्हणजे उकंडाची माय.

तिला उकंडाच्या आधी दोन झाली. पहिली पोर तापानं गेली. दुसरा बादल. तीन वर्षांचा, भारी बोलका. नाल्यावर धुणं धुताना एका हातानं लुगडं आणि एका हातानं पोरगं धरलेलं, वरून पाण्याचा लोंढा आला आणि ओल्या हातातून पोराचा हात सुटला. मग हा झाला. आत्यानं त्याला पाचवीच्या दिवशी सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि रामीबाईनं मूठभर कोंडा देऊन आपलाच पोरगा पुन्हा विकत घेतला. म्हणून उकंडा. असं टाकून दिलेलं, कोंड्याच्या भावाचं पोर काळाच्या डोळ्यात भरत नाही म्हणतात. काळाचं काय ते काळाला ठाऊक, पण मायच्या डोळ्यासमोरून तो पुढं कधी हललाच नाही.

वावरात विहीर होती. रामीबाई तण निंदायला बसली की पोराच्या कमरेला दोरी बांधून ती बाभळीला अडकवायची. गावची पोरं पाठीला भोपळे बांधून विहिरीत धपाधप उड्या मारत आणि हा बाभळीभोवती वासरासारखा फिरे. पोळ्याला बैल धुवायला सगळे नदीत, हा वर रस्त्यावर. गणपती बोळवायला सगळं गाव छातीभर पाण्यात, हा काठावर चपला राखायला. मिसरूड फुटायच्या आधीच मायनं त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली होती, गुडघ्याच्या वर पाणी लागू देणार नाही म्हणून.

त्याची बायको विमल म्हणायची, "माह्या नवऱ्याले सासूनं वाळवणावानी जपलं. भिजला का खराब."

लोक हसत, उकंडाही हसे. पण रात्री पडल्या पडल्या त्याला वाटे, मायनं मारलं असतं तर बरं होतं, कधीचा पळून गेलो असतो. माय मारत नव्हती. नुसतं तोंडाकडे बघायची. त्या बघण्यातून कुठल्या बाजूनं पळायचं?

मागच्या हिवाळ्यात दुकानासमोर एक पिकअप येऊन थांबला, मागच्या चाकातली हवा गेलेली. गाडी प्रफुल्लची आणि गाडीत एक छोटी नाव. सोबत रजत. तिघं एका वर्गातले. रजत चार वर्षं मालवणला होता, पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचं काम करायचा. येताना स्वतःची नाव, दोन सिलिंडर आणि रबराचे कपडे घेऊन आला. रीतसर परवानगी काढून दर रविवारी पुसदच्या पलीकडच्या धरणात नाव टाकी आणि दोस्तांना खाली फिरवून आणी.

उकंडानं चाक खोलता खोलता विचारलं, "यात काय, गॅस?"

"हवा," रजत म्हणाला. "नागपूरहून भरून आनतो. आपन घेतो तेच. पाठीले बांधाची, नळी तोंडात धराची, आन् खाली जाऊन आरामात श्वास घ्याचा."

"मंग हवेले नागपूरले कायले जातं? मी भरून देतो ना कंप्रेसरनं."

"मी टायर हाय का बे?"

उकंडानं ट्यूब घमेल्यात दाबली. बुडबुड बुडबुड वर आलं. तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसला.

"येतं का एकदा?" रजतनं हळूच विचारलं.

"माय."

"अबे, आता तुह्या पोराले मिशा आल्या," प्रफुल्ल म्हणाला, "आन् तू अजून माय माय करून राह्यला!"

उकंडानं दोन रविवार टाळले. त्या दोन्ही रविवारी दुकानात मन लागलं नाही. एकाच्या ट्यूबला दोन ठिगळं लावली, दुसऱ्याच्या भोकाला एकही नाही. तिसऱ्या रविवारी त्यानं मायला सांगितलं, दारव्ह्याला जुनी टायरं पाहायला जातो. जन्मातलं पहिलं खोटं, तेही बिचाऱ्याला धड जमलं नाही, कारण प्रफुल्ल रजतला घेऊन भोंगा वाजवत थेट दारात आला, मागं नाव लादून.

रामीबाई बाहेर आली. तिनं नाव पाहिली, प्रफुल्लला पाहिलं, मग लेकाला.

"दारव्ह्याले आता नावेत बसून जातेत का रे?"

तिन्ही बाप्ये जमिनीकडे बघत उभे राहिले. रामीबाई आत गेली. आता रडते, उकंडाला वाटलं, आणि आपण आता घरीच राहणार, आणि संपलं. पण ती डोक्यावरून पदर घेऊन, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून आली आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

"शपथ मोडाची तं माह्यासमोर मोड. मी बी येतो."

रस्त्यात प्रफुल्लनं गाणी लावायला हात नेला आणि परत घेतला.

धरणावर बारा-एकचं ऊन होतं, पाणी निवांत. रजतनं उकंडाला रबराचा कपडा चढवला. हे तिघांचं काम झालं. रिमवर टायर चढवतात तसं ओढून, दाबून, ठोकून त्याला आत बसवला. मग चौघं नावेत बसून खोल पाण्यात गेले आणि रजतनं लांब दोरी काढली. खाली थोडं गढूळ असतं, म्हणून नवख्याच्या कमरेला दोरी आणि दुसरं टोक नावेत.

"आना इकडे," रामीबाईनं हात पुढं केला. "दोरी माह्या हाती असंल तं जाईन तो. नाही तं चाला घरी."

"काकू, याचे इशारे असतेत..."

"सांग ना मंग. मुकी नाही, बहिरी बी नाही."

रजतनं सांगितलं. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे वर ओढा. तिनं मान डोलावली आणि लेकाच्या कमरेला गाठ मारली. उकंडानं गाठ ओळखली. बाभळीवाली.

मला नातवंडं व्हायची वेळ आली, तरी दोरी तीच, असं मनात म्हणत तो रजतसोबत पाण्यात उतरला.

पहिल्यांदा नुसता जीव घाबरला. मग तोंडातल्या नळीतून हवा आली, गेली, आणि कानाशी तोच आवाज झाला, घमेल्यातला. बुडबुड, बुडबुड. त्याला हसू आलं आणि हसताना नाकात पाणी गेलं. रजतनं त्याचा दंड धरून हळूहळू खाली नेलं. बोटभर मासे तोंडासमोरून गेले. एक बुडालेलं झाड होतं, पानं नसलेलं. उकंडाला त्याच्याजवळ जायचं होतं. त्यानं दोन हिसके दिले. वरून दोरी सैल झाली. माय ढील देते! त्याला ते माशांपेक्षा नवलाचं वाटलं.

झाडाच्या पलीकडे कोणा मासे धरणाऱ्याचं जुनं, तुटलेलं जाळं फांद्यांत अडकलेलं होतं. पांढरं, बारीक, पाण्यात दिसेना. उकंडाची पाठ त्यात गेली. तो वळला तसं ते सिलिंडरला गुंडाळलं, मग खांद्याला. हात मारले तसा तळाचा चिखल उठला आणि सगळं काळं झालं. रजतचा हात चाचपडत आला आणि छातीवर घट्ट दाबून राहिला. हलू नको.

तेवढ्यात कमरेला ओढ बसली. जोरात.

वरून ओढलं की जाळं आवळे. उकंडानं दोन हिसके दिले. ढील. वरून उलटी आणखी जोराची ओढ. दोरी पोटात रुतली, जाळं गळ्याशी आलं. रजत अंधारात सुरीनं एकेक धागा शोधत होता आणि प्रत्येक ओढीला धागा त्याच्या बोटातून निसटत होता.

माय, सोड ना व. सोड ना आता. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं, नाही तर सगळा जन्मभराचा राग तिथंच बाहेर पडला असता. बाभळीचा, चपलांचा, पोळ्याचा. खाली जाळं, वर माय, मध्ये हा. त्यानं पुन्हा दोन हिसके दिले. आणि पुन्हा.

मग दोरी सैल झाली. थोडी नाही. पुरती. कमरेला काही भारच उरला नाही. दोरी सापासारखी वळत खाली आली आणि त्याच्या हाताला तिचं टोक लागलं. टोक! वर कोणीच धरलेलं नव्हतं.

आता मात्र तो खरंच भ्याला.

पण जाळं ढिलं पडलं होतं. सुरी चालली. एक धागा, दुसरा, आणि खांदा मोकळा झाला. रजतनं त्याला हळूहळू, आपल्याच बुडबुड्यांच्या मागं मागं वर आणलं.

नावेत चढताना पहिलं दिसलं ते प्रफुल्लचं तोंड, पांढरंफटक, गालावर बोटं उमटलेली.

"बाप्पा रे बाप्पा! मले वाटलं अटकला, म्हनून मी मायच्या हातून हिसकून दोरी ओढली, तं माह्या थोबाडीत दिली ना तिनं! आन् दोरी घेतली आन् टाकून देली पान्यात!"

उकंडानं मायकडे पाहिलं. ती नावेच्या काठाला धरून बसली होती. तळहात दोरीनं सोललेले.

"त्यानं दोनदा ओढलं," ती प्रफुल्लला म्हणाली. "ढील मागून राह्यला होता. तुले समजत नाही तं ओढाले कायले आला?"

पाणी नावेला थापट्या मारत होतं. रामीबाईनं पदरानं लेकाचं डोकं पुसायला घेतलं, लहानपणी तसं पुसायची वेळच कधी आली नव्हती.

"काहून रे," तिनं खालच्या आवाजात विचारलं, "खाली अंधार असते का?"

उकंडाला कळलं, ती बादलबद्दल विचारते आहे.

"चिखल उठला का होते अंधार, माय. पन मंग बसते तो. वर पाह्यलं का उजेड दिसते. हिरवा, निंबाच्या पाल्यावानी."

तिनं डोकं पुसणं थांबवलं नाही. "असं व्हय," एवढंच म्हणाली. मग फडकं सोडलं आणि चौघांना भाकरी वाढली. प्रफुल्लला ठेचा जरा जास्तच दिला.

रजतनं पाण्यातली दोरी गोळा करून आणली होती. परतताना रामीबाई ती मांडीवर घेऊन बसली ती घरापर्यंत. ती मागायची कोणाची हिंमत झाली नाही. आता ती दोरी उकंडाच्या अंगणात दोन खांबांना बांधलेली असते. विमल तिच्यावर धुणं वाळत घालते, आणि दर रविवारी संध्याकाळी उकंडाचे ओले कपडेही तिच्यावरच असतात.