गुळाच्या रंगाची म्हैस

“सगळ्या म्हशी काळ्या जन्माला येत न्हाईत, काळ्या तेवढ्या आपण ठिवतो,” असं रुद्राक्का एकदा कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हणाली होती. धार काढता काढता, मान वर न करता. पेला धरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं भुऱ्या म्हशीचं दूध पातळ असतं का, एवढंच विचारलं होतं. तिचा मुलगा शशिधर शेजारीच होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आई बोलायची कमी, पण बोलली की ते गल्लीभर व्हायचं.

रुद्राक्का मूळची निपाणीकडची. लग्न होऊन गवळी गल्लीत आली तेव्हा तिला मराठी थोडं आणि म्हशी पुष्कळ कळत होत्या. अजूनही म्हशींशी ती कानडीत बोलते आणि माणसांशी गरजेपुरतं मराठीत. नवरा गेला तेव्हा गोठा विकायला निघालेल्या भावकीला तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी पदर खोचून पुरुषांच्या रांगेत कट्ट्यावर बसली, ती आजतागायत.

चार दिवाळ्यांपूर्वी तिच्या कोळशासारख्या काळ्या म्हशीला रेडी झाली, ती गुळाच्या रंगाची. पापण्यासुद्धा पिवळ्या. गल्ली बघायला लोटली. शेजारच्या गोठ्यातल्या जोतीरामनं विचारलं, “आक्का, दुधात बुडवून काढलीस काय हिला?”

“व्हय. तुझ्या म्हशी काजळात पडल्या, त्यापरीस बरं की.”

म्हाताऱ्यांनी सांगितलं, असलं जनावर दाराशी ठेवू नये. त्या संध्याकाळी वैरण टाकताना तिनं शशिधरला एक जुनी गोष्ट सांगितली. तिच्या सासऱ्यांच्या वेळी याच वंशात अशीच एक भुरी रेडी झाली होती. सासऱ्यांनी ती लगेच देऊन टाकली. रंग काही गेला नाही. काळ्या कातड्याखालून तो पिढ्यान्‌पिढ्या मुकाट चालत राहिला, कुणाला न दिसता. आता आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एकदम आला आणि वर आला. मग रानातल्या म्हशी काळ्याच का, असं शशिधरनं विचारलं तर म्हणाली, “चिखलात बसलेली भुरी लांबनं दिसायची. वाघ आधी तिला उचलायचा. आता वाघ न्हाय, गिऱ्हाईक हाय.”

रेडीचं नाव तिनं गुळी ठेवलं.

गुळी वाढली, गाभण राहिली, आणि शशिधरची लाजही वाढली. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला. तिथंही पोरं विचारायची, तुझी गोरी म्हस काय म्हणते? शेवटी त्यानं आईला निर्वाणीचं सांगितलं. या पाडव्याला गुळी माळावर गाडीमागं पळाली आणि कुणी हसलं नाही, तर राहील. नाही तर मुरगूडचा व्यापारी घ्यायला तयारच आहे. रुद्राक्का बरं म्हणाली.

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरचे गवळी म्हशी भादरून, तेल चोपडून, शिंगं रंगवून माळावर नेतात. मालक मोटारसायकल काढतो आणि म्हशीनं दाव्याशिवाय, नुसत्या हाकेवर, त्याच्यामागं पळायचं असतं. अख्खं गाव बघायला येतं. त्या गावापुढं आपली गुळी कशी दिसेल, या विचारानं शशिधरला झोप लागली नाही. पहाटे आई नदीला गेलेली बघून त्यानं तेलात वाटीभर काजळी खलली आणि गुळीला नाकापासून शेपटीपर्यंत काळी करून टाकली.

रुद्राक्का परत आली. गुळीकडं बघितलं, मुलाच्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडं बघितलं.

“आता हाक तूच मार,” म्हणाली.

माळावर हलगी कडकडत होती. सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या गाड्या ढणढणत होत्या आणि जिकडं बघावं तिकडं काळ्या, तेलकट पाठी उन्हात चमकत होत्या. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. म्हशी उधळल्या, एकमेकींत घुसल्या. धुरळा खाली बसला तेव्हा शशिधरच्या हातात नुसतं दावं होतं.

तो शोधायला लागला. सगळ्याच काळ्या. गुळीसारखाच कपाळावर लाल गोंडा असलेली एक दिसली, तशी त्यानं तिला धरून आणली, गाडीला किक मारली, हाक दिली. म्हैस हलेना. पुन्हा हाक दिली. म्हशीनं शेण टाकलं. तोवर गर्दीतनं जोतीराम आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“शशी, माझी म्हस कुठं न्यायलास?”

माळ हसला. पण शशिधरला हसण्याचं काही वाटेनासं झालं होतं. चार वर्षं जो रंग डोळ्यांआड व्हावा असं त्याला वाटत होतं, तोच तो आता पाठीपाठीवर शोधत होता आणि तो कुठंच नव्हता. माळाच्या कडेला आई बसली होती, तिच्याकडं तो पळत गेला.

“अव्वा, गुळी दिसंना.”

रुद्राक्का उठली. तोंडाला हात लावून तिनं एकच हाक दिली, लांब, कानडी वळणाची, गोठ्यात रोज संध्याकाळी देते तीच. हलगीवाल्याचा हात क्षणभर थांबला. माळाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या पाठींची दाटी हलली, फाटली, आणि त्यातनं एक म्हैस शेपूट उभारून सुटली. शंभर म्हशींशी घासून तिची काजळी दोन्ही कुशींवरनं निघाली होती. पाठ काळी, कुशी गुळाच्या, पळताना उन्हात आणखी उजळत. माणसं बाजूला झाली. हसली, नाही असं नाही. पण शिट्ट्या मारत, टोप्या उडवत हसली. गुळी थेट येऊन रुद्राक्काच्या खांद्याला नाक घासत उभी राहिली. लुगडं काळं झालं.

जोतीराम जवळ आला. गुळीच्या कुशीवरनं त्यानं बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं.

“आक्का, हिला भुरी रेडी झाली तर दुसरीकडं देऊ नगंस. मला सांग.”

शशिधर म्हणाला, “ती द्यायची न्हाय.” मग खाली बघत म्हणाला, “हीबी न्हाय.”

रुद्राक्कानं पदरानं गुळीच्या पिवळ्या पापण्या पुसल्या. मग माळावरच्या एकाही माणसाकडं न बघता ती वळली आणि चालू लागली. तिच्यामागं दाव्याशिवाय गुळी, आणि गुळीच्या मागं, बंद केलेली गाडी ढकलत, शशिधर. गर्दीनं वाट करून दिली आणि रुद्राक्का माळावरनं बाहेर पडली.