तांदळात लपवलेला आरसा

"बाई, शीळ वाजवून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टोपी मांडीवर घेऊन बसले होते, ते छताकडे बघू लागले. भिसेगावच्या घरंदाज घरातली सून, त्यातून कर्जतच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, आणि खालापूरच्या दवाखान्यात नवऱ्यादेखत शीळ घालायची! तरी ओठांचा चंबू केला. तो निम्माच झाला. उरलेल्या बाजूने नुसती फुस्सकन हवा गेली.

मग गाल फुगवायला सांगितले, भुवया वर करायला, डोळे घट्ट मिटायला. चेहऱ्याची उजवी बाजू काही केल्या ऐकेना. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, "फेशियल पॅरालिसिस." त्यातला दुसरा शब्द मला ठाऊक होता. ते म्हणाले, "अर्धांग नव्हे, घाबरू नका. चेहरा हलवणारी नस कानामागून येते, ती सुजून दबली आहे. बहुतेकांची सुटते. काहींचं थोडं राहतं. तुमचं काय होईल ते आज सांगता येणार नाही. आठ दिवसांनी या, व्यायाम शिकवतो." आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "वाऱ्याला बसू नका."

या शेवटच्या वाक्याने माझा घात केला.

तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर सुरुवात ओळखून ठेवा. दोन दिवस उजव्या कानामागे ठणकत होतं. दसरा होऊन चार दिवस झाले असतील, सकाळी चूळ भरली तर पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडलं. चहाला चव लागेना. उजवा डोळा मिटेना, त्यातून सारखं पाणी. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

खालापूरहून आम्ही सर्व्हिस मोटारीने परतलो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवायची. घरात पाऊल टाकताच हे म्हणाले, "वाऱ्याला बसायचं नाही म्हणून सांगितलंय." सासूबाईंनी तेवढंच ऐकलं आणि पदर खोचला.

माजघरालगतच्या खोलीची खिडकी त्यांनी गोणपाटाने बंद केली. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. माझ्या कानात कापूस, वर ह्यांची लोकरीची कानटोपी, अंगावर कांबळं. तो महिना कसला, तुम्हाला ठाऊक आहे. पावसानंतरचं ऊन रखरखत होतं आणि मी आत घामाने निथळत होते. डोळ्यावर गॉझची पट्टी, गालाला सकाळ-संध्याकाळ गरम तिळाचं तेल. आठ दिवसांनी खालापूरला जायचा विषय निघाला, तर मोटारीत वारा लागेल म्हणून सासूबाईंनी तो तिथेच मिटवला. मीही फार ताणून धरलं नाही.

शाळेने दोन महिन्यांची रजा दिली होती. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, स्वभावाने भल्या होत्या. पण त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, रजा संपल्यावर हजर झाला नाहीत तर बिगरीच्या वर्गाला दुसरी बाई बघावी लागेल. ती जागा मी दोन्ही घरांशी भांडून मिळवली होती. शाळेत मी कोणाची सून नव्हते, मुलींची बाई होते. त्या जागेवाचून जगायची कल्पनाही मला करवत नव्हती.

खोलीत करायला काहीच नव्हतं. स्टेशनात गाडीला घाटाचं जादा इंजिन लागलं की धक्क्याचा आवाज यायचा, त्यावरून वेळ कळायची. गोणपाटाला एक भोक होतं. त्यातून परसातला अळवाचा वाफा दिसायचा आणि सासूबाईंचे पाय. तेवढ्या भोकाशी मी तासन् तास डावा डोळा लावून बसायची.

घरात एकच आरसा होता, हातात मावणारा, पितळी चौकटीचा. तो गायब झाला होता. मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "असेल कुठे तरी. तू पड." मग मी पाण्याच्या तांब्यात बघायला लागले. तांब्यात कोणाचंही तोंड वाकडंच दिसतं. त्यातलं दुखण्याचं किती आणि तांब्याचं किती, ते कळेना. मी घाबरून रडायची आणि परत बघायची. सासूबाईंच्या हे लक्षात आलं असावं. त्यांनी तांब्या चिंचेने घासायचं सोडलं. आठवड्याभरात तो काळपट पडला आणि माझं तोंड त्यातूनही गेलं. इतकी प्रेमळ कैद कोणाच्या वाट्याला आली नसेल!

माझ्या जिभेला भिसेगाव वचकून असे. भांडणात मी कधी हार खाल्ली नव्हती. आता प, फ, ब म्हणायला गेलं की ओठांतून वाराच निसटायचा. हे कचेरीतून आले की दाराबाहेरून विचारत, "आज कसं आहे?" मी हूं म्हणायची. हूंला ओठ लागत नाहीत.

रजेचे पंधरा दिवस उरले तेव्हा हे आईचं न ऐकता मला खालापूरला घेऊन गेले. दवाखान्याच्या बाकावर मी पदराने तोंड झाकून भिंतीकडे वळून बसले होते. डॉक्टरांनी कानटोपी काढायला लावली. खिडकी, गोणपाट, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, वाऱ्याला बसू नका म्हटलं, हवा बंद करा नाही म्हटलं! आरशात बघता का?"

"आरसा नाही," मी म्हटलं.

"मग नसेला कसं कळणार तुम्हाला काय हवंय ते? रोज तीनदा आरशासमोर बसायचं. गाल फुगवायचा, ओठ बोटाने धरून जागेवर आणायचा. नस सुटायला लागली आहे, भुवई हलते आहे. आणि दुसरं औषध सांगतो. रोज एका माणसाला तोंड दाखवायचं. एकालाच, पण रोज."

घरी आल्यावर ह्यांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तशा सासूबाई कणगीशी गेल्या. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तांदळातून आरसा काढला. पदराने पुसून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "मला वाटलं, बघितलंस तर खचशील गं."

मी बघितलं आणि खचले. ते खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोणपाट काढलं. उजेड आत आला, आणि मी त्यांना ते परत लावायला सांगितलं! सात आठवडे जिच्या नावाने मी बोटं मोडली त्या खोलीतून मलाच बाहेर पडवेना. सासूबाईंनी ऐकलं नाही. गोणपाट त्यांनी परसात नेऊन अळवाच्या वाफ्यावर टाकलं.

पहिलं माणूस म्हणून मी ठाकुरवाडीकडून भाजी घेऊन येणारी बाई निवडली. मुद्दाम निवडली, कारण ती परत आठ दिवस येणार नव्हती. ती दारात आली तेव्हा तोंडावरचा पदर बाजूला केला.

तिने डोक्यावरची पाटी उतरवली. "मास्तरीणबाय, त्वांड वाकडं झालं व्हय गं? माज्या नणंदंलाबी झालंतं."

"मग बरी झाली का?"

"झाली की. वाईच राह्यलंय. आता कारली घ्यायची का नाय? मला पलीकडं जायाचं हाय."

मी शेरभर कारली घेतली. घरात कोणालाच आवडत नव्हती. त्या दिवशी मी सात आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग शेजारीण, मग किराणावाला, मग पोस्टमन. कोणी हळहळलं, कोणी बघून न बघितल्यासारखं केलं. रोज घरातून निघताना तोच धसका बसायचा. धीर साठत नाही, तो रोज नव्याने गोळा करावा लागतो, हे मी त्या पंधरा दिवसांत शिकले. रजा संपली तेव्हा डोळा मिटत होता, पण हसलं की तोंड डावीकडे पळत होतं.

पहिल्या दिवशी वर्गात मी मुलींकडे पाठ करूनच उभी राहिले. फळ्यावर प, फ, ब, भ, म काढलं. आता म्हणून दाखवायचं होतं. बिगरीतल्या मुली कानाने कमी आणि बाईंच्या ओठांकडे बघून जास्त शिकतात. मी वळले. ओठाचा कोपरा बोटाने धरावा असं वाटलं, पण धरला नाही. "फ," मी म्हटलं.

"फ!" सगळ्या म्हणाल्या. आणि वर्गातल्या झाडून सगळ्या पोरींची तोंडं एका बाजूला ओढलेली!

माझ्या डोक्यात सणक गेली. चेष्टा! पहिल्याच दिवशी! मी पुढच्या ओळीतल्या ठकीचा दंड धरला. "तोंड का वाकडं करतेस गं?"

ठकी भांबावली. "बाई, तुमी केलं तसंच केलं की. चुकलं का?"

मी एकेकीकडे पाहिलं. एकही हसत नव्हती. सगळ्या जीव तोडून वाकडा फ काढत होत्या. जे मी गोणपाटाआड लपवलं, ज्याच्यापायी सासूबाईंनी तांब्या काळा पडू दिला, ते या पोरींना फ म्हणायची रीतच वाटली होती. मला हसू फुटलं. तोंड पार कानापर्यंत डावीकडे गेलं आणि मी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पितळी चौकटीचा आरसा मी वर्गात नेऊन खिळ्याला टांगला. सासूबाईंनी तो आदल्या रात्री न सांगता चिंचेने घासून ठेवला होता. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही, पण त्या घासलेल्या चौकटीचे तर मुळीच विसरणार नाही.

"आजपासून फ म्हणताना माझ्याकडे नाही, आरशात बघायचं," मी मुलींना सांगितलं.

ठकीने विचार केला. "आमी आरशात बगायचं. मग बाई, तुमी कुटं बगणार?"

"तुमच्याकडे," मी म्हटलं, आणि पदर खांद्यावर टाकून त्यांच्यासमोर उभी राहिले.