दाजींनी उजळवलेली मनू

जे फोटोत आलं नाही ते घडलंच नाही, अशी आमच्या चोपड्याच्या दाजींची ठाम समजूत होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केळीची बाग गड्यांच्या भरवशावर सोडायचे, पण मोबाइलचं चार्जिंग कुणावर सोडायचे नाहीत. एकुलत्या लेकीचा, मनूचा दात पडला, फोटो. तिला ताप आला, कपाळावरच्या ओल्या पट्टीसकट फोटो. शाळेला निघालेली पोर आपोआप उंबऱ्यावर थांबायची, हनुवटी तिरकी करायची आणि फोटो झाला की मगच चप्पल घालायची. एकदा सायकलवरून पडली, गुडघा फुटला, आणि धावत आलेल्या बापाला पाहून रडता रडता तिने आधी केस सारखे केले. आम्ही पोट धरून हसलो. "पाहिलं? पोरीला कॅमेऱ्याची जाण आहे!" दाजींची छाती फुगली.

पुढे नवा फोन आला आणि त्यात चेहरा उजळवायची सोय निघाली. दाजी उन्हानं रापलेले, मनू रंगानं त्यांच्यावरच गेलेली. जेवण झालं की ते पलंगावर मांडी घालून मनूच्या फोटोवर बोट फिरवत बसायचे. गाल गुलाबी, रंग दुधासारखा, मग फोटो स्टेटसला. बहीण विचारायची, "अहो, ही कुणाची पोर?"

"आपलीच. जराशी हळद लावली, एवढंच."

मनू सातवीत असताना धुळ्याला दाजींच्या पुतण्याचं लग्न होतं. मीही जळगावहून आलो होतो. गाडी दारात उभी, आणि मनू खोलीतून बाहेर येईना. दाजी आत गेले, मागोमाग मी.

"काय झालं वं माय?"

"पप्पा, तिथं सगळ्यांनी माझे फोटो पाहिलेत. मी गेले की कळेल त्यांना, मी तशी नाहीये."

"अगं, तू छानच आहेस!"

"मग माझा रंग का बदलता?"

दाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "मला वाटायचं, मी तुला सजवतोय," ते म्हणाले. मग तिच्या पायाशी सँडल सरकवत म्हणाले, "चुकलं माझं. चल, मी आहे ना सोबत."

मांडवात दाजींच्या चुलतबहिणीनं मनूची हनुवटी धरलीच आणि अहिराणीत म्हणाली, "फोटोमां तं कितली गोरी दिसस!" मनूची मान खाली गेली. दाजी सगळेच फोटो खोटे ठरवत मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "फोटो बठ्ठा खोटा व्हतात, अक्का. खरी पोर हाई शे."

त्यानंतर दाजींनी मनूचे फोटो काढणंच सोडलं. केळीच्या घडांचे काढायचे, तेही न उजळवता. पण झालेलं एका वाक्यानं कुठं पुसलं जातं? कॉलेजला गेली तरी कॅमेरा दिसला की मनू कुणाच्या तरी पाठीमागे सरकायची, आणि दाजी ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

यंदाच्या दिवाळीत अंगणात रांगोळी काढून उठली आणि हात झटकत म्हणाली, "पप्पा, माझा एक काढा ना." दाजींची अशी धांदल उडाली की फोटो पार हलला. ते ओशाळले. "दुसरा काढू का गं?"

मनूनं फोन हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "नको. हाच पाठवा मला."

दाजींनी पाठवला. फोन खिशात ठेवायचंच मग कितीतरी वेळ त्यांना सुचलं नाही.