थोरलीची जागा

"मी न्हाय बोलनार."

"आते, तीन शब्द आहेत! 'माझ्या मागे या.' संपलं. तीन शब्दांसाठी अर्धा तास भांडतेयस तू!"

"तीन असूं दे न्हाय तर तेरा. खोटं ते खोटंच."

"अगं कार्टून आहे ते! त्यात मगर टोपी घालते, तेव्हा नाही तुला खोटं वाटलं?"

"मगरीनं टोपी घालावी न्हाय तर पातळ नेसावं, मना काय! पन पोरांना पाठीमागं टाकून आई तुरूतुरू पुढं चालली, हे मी माझ्या तोंडानं न्हाय बोलनार."

मृणालीनं कानावरचा हेडफोन काढून गळ्यात टाकला आणि घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून पस्तीस मिनिटं.

भिवंडीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीला मृणाली स्टुडिओ म्हणायची आणि ठकुबाई गोधड्यांची खोली. चारी भिंतींना गोधड्या, खिडकीलाही गोधडी, मधोमध माइक आणि समोर पडदा. एवढा बंदोबस्त करूनही रेकॉर्डिंग व्हायचं ते फक्त शुक्रवारी, कारण समोरच्या गल्लीतले कापडाचे लूम शुक्रवारी दिवसभर बंद असत. एरवी जी खटखट चालायची, ती अडवायला गोधड्या काय, भिंतीही पुऱ्या पडत नसत. आणि संध्याकाळी सहाच्या शिफ्टला लूम पुन्हा सुरू होणार होते.

"सहा वाजले की खेळ खलास, आते," मृणाली म्हणाली. या वेळी ती भांडत नव्हती. "मालिकेच्या साहेबांनी सांगून ठेवलंय. सातवा भाग आज पोचला नाही तर मुंबईहून बाई येणार. आणि ती एवढंच वाक्य बोलून जाणार नाही. पहिल्यापासून सगळी थोरली तीच बोलणार. तुझे सहाच्या सहा भाग पुसले जाणार."

ठकुबाईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. थोरली हातची जाणार हे तिला लागलं.

थोरली म्हणजे जिराफांच्या कळपाची म्होरकी. कुठल्याशा परदेशी माळरानावरची ही चित्रमालिका आता मराठीत यायची होती आणि थोरलीला आवाज हवा होता. मृणाली ठकुबाईच्याच गावची, राहनाळची. एका सकाळी ती घराच्या ओट्यावर चहा पीत बसली होती, तेव्हा रस्त्यावरून हाक आली, "थांबा गो! ट्रक जाऊंद्या आधी!" मृणालीनं कप तिथंच ठेवला. पुढच्या शुक्रवारी तिनं ठकुआतेला गोधड्यांच्या खोलीत आणून उभं केलं. साहेबांनी आवाज ऐकला आणि फोनवर एवढंच म्हणाले, "हिचं 'हाय-न्हाय' सुधारू नका. जिराफ असंच बोलत असणार."

ठकुबाईला थोरली आवडायचं कारण वेगळंच होतं. उंची हा तिच्या आयुष्यभराचा विनोद होता. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवायचे, कारण पुढं बसली तर मागच्यांना फळा दिसत नसे. लग्नात अंतरपाट धरला तर तिला पलीकडचा नवरा मंगलाष्टकांच्या आधीच दिसला, मुंडावळ्यांसकट. "आटपा लवकर," ती मामाच्या कानात कुजबुजली, "बघितला मी. बरा हाय." नवरा म्हणजे लडकू. तो तिच्या खांद्याला लागायचा. तो आजही चारचौघांत सांगतो, "मना अंतरपाटाखालून निस्ते पाय दिसले. तवाच समजलो, काम मोठं हाय." अशा बाईला साठीच्या उंबरठ्यावर पडद्यावर कुणीतरी भेटली, जी सगळ्यांपेक्षा उंच होती आणि तिला कुणी हसत नव्हतं. उलट तिच्या उंचीच्या भरवशावर अख्खा कळप पाणी प्यायला खाली वाकत होता.

आणि कळप ठकुबाईलाही होताच. दापोड्याच्या एका गोदामात पॅकिंगला बावीस बायका होत्या आणि ती त्यांची मुकादम. पूर्वी याच बायका तिच्याबरोबर आवणीला असायच्या. भाताची शेतं गेली, तिथं गोदामं उभी राहिली. "फरक काय?" ठकुबाई म्हणायची. "तवा चिखलात वाकून रोपं लावायचो, आता लादीवर उभं ऱ्हाऊन पट्ट्या लावतो. पाय तेवढे सुके ऱ्हातात." दोन मुलं तिनं आवणीच्या काळात वाढवली आणि बावीस बायका गोदामाच्या. दोन्हींत जास्त त्रास कुणी दिला असं विचारलं तर ती दुसऱ्या बाजूला बोट दाखवायची.

मुकादम झाल्यावर पहिलं वर्षभर ड्युटीवर जाता-येता तीही पुढंच चालायची. मान ताठ, हात वर, मागं बायकांची रांग आणि दोन्ही बाजूंना थांबलेले ट्रक. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून सलाम ठोकायचे. "चलो, मेमसाब की बारात निकली!" ठकुबाईला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

मग बुधीचं झालं. बुधी डोंगरावरच्या पाड्यावरून नवीन आली होती, बोलायला लाजरी, चालायला हळू. एका संध्याकाळी ड्युटी सुटली, ठकुबाई हात वर करून निघाली, रस्ता ओलांडला, राहनाळला पोचली आणि वळून मोजते तर बायका एकवीस. वाटेत कुणी तिला पाहिलीच नव्हती. सगळा लवाजमा धापा टाकत परत गोदामावर. शटर बंद. वॉचमन म्हणाला, "अंदर कोई नहीं है." ठकुबाईनं शटरला कान लावला. आतून बारीक आवाज येत होता. फट. फट. फटाक.

शटर उघडलं तर खोक्यांच्या मागं बुधी मांडी घालून बसलेली. थकून डोळा लागला होता तिचा. जागी झाली तर अंधार. हाक मारायची लाज वाटली, म्हणून काचसामानाला गुंडाळायचा फुग्यांचा प्लास्टिक कागद मांडीवर घेऊन ती एकेक फुगा फोडत बसली होती.

"अगं, वरडायचं तरी!" सगळ्या तिच्यावर ओरडल्या.

"पुढं मुकादमीण हाय ना," बुधी म्हणाली. "मना वाटलं, तिला म्हाईत असंल."

बायका पोट धरून हसल्या. ठकुबाईही हसली, पण त्या दिवसापासून ती पुढं चालली नाही. पुढं कुणीही असो, रांगेत शेवटची ठकुबाई. ट्रकवाले आता सलाम ठोकायचे तर पहिल्या बाईला, आणि ती पहिली बहुतेक वेळा बुधीच असायची.

हे सगळं मृणालीला ठाऊक होतं. म्हणून तर ती अर्धा तास भांडली, दोन तास नाही.

"आते, तुझं खरं आहे," ती म्हणाली, "पण चित्र मी बदलू शकत नाही गं. थोरली पुढंच आहे त्यात. नदी आहे, मगरी आहेत, ती पुढे आणि कळप मागे."

"लाव परत."

"आठवी वेळ आहे ही."

"मग नववी बी लावशील. लाव."

पडद्यावर थोरली नदीत उतरली. पिवळी, ठिपक्यांची, भलीमोठी. ठकुबाई पडद्याच्या इतकी जवळ गेली की नाक टेकायचं बाकी राहिलं.

"हिचं तोंड कुठं हाय?"

"तोंड? अगं, ती पाठमोरी..." मृणाली थांबली. "पाठमोरी आहे ती."

"मग ती काय बोलते, ते कुनाला दिसतंय?"

मृणालीनं चित्र मागं नेलं, पुन्हा पुढं आणलं. ओठ जुळवायची चिंता होती ती तोंड दिसत असेल तर! पाच सेकंद नुसती पाठ आणि शेपटी. "आते, ओठच नाहीत! इथं काहीही बोलता येईल!"

"आनि ही बघ." ठकुबाईनं पडद्यावर बोट ठेवलं. "मान."

थोरली नदीच्या मधोमध थांबून मान मागं वळवत होती. नऊही वेळा तिनं वळवली होती. भांडणाच्या भरात दोघींनाही ती दिसली नव्हती.

"एवढी लांब मान काय निस्ता पाला खायला दिली काय तिला?" ठकुबाई म्हणाली. "चल, घाल ते कानाला."

पहिला टेक लांबला, थोरली पाण्याबाहेर पडली तरी ठकुबाई बोलतच होती. दुसरा चांगला चालला होता, तेवढ्यात खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ बुधीचा आवाज, गोधडी फाडून आत आला: "ओ मुकादमीण! हळद सुकंल तिकडं!"

आज मेघालीची हळद होती, शेलार गावाला. गोदामातली सगळ्यांत लहान पोर. बाकीच्या एकवीसजणींना घेऊन लडकू टेम्पो आणणार होता आणि त्यानं तो वेळेच्या आधी आणला होता. ठकुबाईनं गोधडी बाजूला सारून खाली डोकं काढलं. "पाच मिंटं गप बसा! कुनी हसली बी तर तिला हळदीला चालत नेईन!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. लडकूनं इंजिनसुद्धा बंद केलं.

सहाला चार मिनिटं. मृणालीनं बोट वर केलं. पडद्यावर पाठ, पाणी, शेपटी. ठकुबाईनं माइकसमोर मान उंच केली आणि रस्त्याच्या कडेला रोज संध्याकाळी म्हणायची तसंच म्हणाली:

"थांबा गो. मागं कोन ऱ्हायलं? ... तिला येऊंद्या. मग चला."

थोरलीनं मान वळवली. बरोबर त्याच क्षणी.

मृणालीनं तिसरा टेक तसाच पाठवून दिला. तो जातो न जातो तोच समोरच्या गल्लीत पहिला लूम खोकला, मग दुसरा, मग सगळ्यांनी मिळून फरशी हलवायला घेतली. ठकुबाई पिशवीतून हळदीची पिवळी साडी काढून नीट आहे ना बघत होती. मृणाली फोनकडे डोळे लावून नखं खात होती. फोन थरथरला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्चीवरून उठलीच.

"आते! ठेवलं! जसंच्या तसं ठेवलं!" लूमच्या वर आवाज काढत ती ओरडली. "साहेब विचारतायत, पुढच्या बाराही भागांत थोरली तूच ना? आणि पुढचे संवाद आधी तुला वाचायला पाठवू का, म्हणतायत! काय कळवू? हो म्हणू ना?"

ठकुबाई खिडकीशी उभी होती. एका हातानं गोधडी धरून, दुसऱ्या हाताचं बोट हलवत ती खाली टेम्पोत डोकी मोजत होती. एकोणीस. वीस. बोट थांबलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वीस. पुढच्या सीटवर बुधीची जागा रिकामी होती आणि समोरच्या वडापावच्या गाडीवरही ती दिसत नव्हती.

"आते? अगं, ऐकतेयस ना? हो म्हणू?"

ठकुबाईनं पिवळी साडी काखेत मारली, चपला पायात सरकवल्या आणि दार उघडून ती जिना उतरायला लागली.