लाल हापसा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल वाटेत लाल रंगवलेला हापसा दिसला. इथलं पाणी पिऊ नये, ही त्याची खूण. बायका त्याला वळसा घालून पुढे जात होत्या.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी सुनंदा हेच मागत होती. "सर, पाण्यातल्या फ्लोराइडनं गावातल्या पोरांची हाडं वाकतायत. प्रबंध होईल सावकाश, आधी हापसा रंगवू."

"बाई, तू संशोधक की रंगारी?" मी हसलो होतो. प्रबंध कपाटात गेला, गाव तेच पाणी पीत राहिलं.

आता तरुण संशोधकांना मी आधी निष्कर्ष सांगायला ग्रामसभेत उभं करतो. जुने सहकारी नाकं मुरडतात. खुशाल मुरडोत, कपाटाला तहान लागत नाही.

सुनंदाच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवताच परतलो. "बाई, रंगाचा डबा मीच आणायला हवा होता," एवढंच म्हणायचं होतं.