आधी मावश्यांना टोचा

"आधी या मावश्यांना टोचा. आठ दिवस बघू. काही झालं नाही, तर मग आम्ही घेऊ."

कोरोनाची लस नुकतीच आली होती, आणि सगळ्या सिस्टरांच्या वरच्या मेट्रन बाई हे सगळ्यांसमोर बोलल्या. हळू आवाजात नाही, कुजबुजत नाही. आम्ही झाडूवाल्या, पुसणाऱ्या, पेशंटला लघवीचं भांडं देणाऱ्या बायका भिंतीला लागून रांगेत बसलो होतो. एक तरुण डॉक्टर चहाचा कप हातात धरून उभा होता. तो हसला. मग दोघी-तिघी सिस्टर हसल्या.

रांगेत पहिली मी होते. माझी बाही वर केलेली. सुई आत गेली तेव्हा त्यांचं हसणं अजून चालू होतं.

माझ्यामागं सुनंदा. माझी धाकटी जाऊ. पुण्याजवळच्या माण गावातल्या त्या हॉस्पिटलात मीच तिला कामाला लावली होती. तिचा नवरा, माझा दीर, टेम्पो चालवायचा. एक मुलगी, आरती. सुनंदा मला आक्का म्हणायची. तिला राग लवकर यायचा, आणि ती खोटं सहन करायची नाही. वस्तीत कुणाच्या दारात भांडण लागलं की बायका तिला बोलवायच्या.

माझं झालं. सिस्टर म्हणाली, "पुढची."

सुनंदा जागेवरून उठली. बाही खाली ओढली.

"आमी काय बकरं हाय का? आधी आमाला कापून बघायचं, आन मग तुमी खायचं?"

मेट्रन बाई म्हणाल्या, "बघा. फुकट मिळतंय तरी नको. किती अडाणी."

सुनंदा तशीच निघून गेली. बादली उचलली आणि वरच्या मजल्यावर पुसायला गेली. काम टाकलं नाही तिनं. फक्त दंड दिला नाही.

हे हॉस्पिटल जिथं उभं आहे तिथं आधी भाताचं वावर होतं. माझ्या सासऱ्यांनी त्या वावरात जन्मभर दुसऱ्याची लावणी केली. मालकाच्या वावराला चिखलात उभं राहून पाणी द्यायचं, पण त्यांच्या तांब्याला हात लावायचा नाही. आयटीवाले आले, जमिनी विकल्या गेल्या, मालकांच्या इमारती झाल्या, खोल्या भाड्यानं गेल्या. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती तिथंच राहिली. वाटलं होतं, निदान हॉस्पिटलात तरी हे नसेल. तिथं तर सगळे शिकलेले.

सुई घेतल्यावर मला रात्रभर ताप आला. अंग ठेचल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तशीच कामावर गेले. मेट्रन बाई केबिनच्या दारातून ओरडल्या, "काय गं, जिवंत आहेस ना?"

मी म्हणाले, "ताप आला व्हता."

त्या डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "अजून थोडं थांबूया."

सुनंदा पोछा मारता मारता हे ऐकत होती. 

घरी मी तिच्या मागं लागले. जेवताना, पाणी भरताना, कामावर चालत जाताना. सुनंदा, घे गं. मी घेतली, मला काय झालं का? आपण रोज त्या आजारात हात घालतो. ती एकच बोलायची.

"त्यांनी घेतली का, ते इचार. आपल्यावर बघून घेणार व्हते ना? मग अजून का न्हाई घेतली? काय तरी असंल म्हणूनच न्हाई घेत. शिकलेली माणसं हायेत ती."

 शिकलेल्यांनीच घेतली नाही म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं तिला सांगणार?

मग दुसरी लाट आली. हॉस्पिटल भरलं. जिन्यापर्यंत माणसं. डॉक्टर दारात उभं राहून फाईल बघायचे आणि जायचे. सिस्टर सलाईन लावून बाहेर पडायची. आत राहायचो आम्ही. कुणाला भांडं द्यायचं, कुणाचं अंग पुसायचं, कुणी उलटी केली तर ती उचलायची. माणूस शेवटचा खोकला खोकतो तेव्हा त्याच्याजवळ मावशीच असते.

आणि जाड, चांगले मास्क फक्त डॉक्टर आणि सिस्टरना. आम्हाला पातळ निळे. ते घामानं भिजून तोंडाला चिकटायचे. नाकाखाली जरा सरकला की मेट्रन बाई सगळ्या वॉर्डापुढं ओरडायच्या, "मास्क वर! तुम्ही लोकच पसरवता." आणि त्यांच्या केबिनमध्ये मास्क हनुवटीला लटकवून चहा चालायचा.

आम्ही जाड मास्क मागितले. तर काय केलं? डॉक्टरांनी, सिस्टरनी वापरलेले मास्क गच्चीत दोरीवर वाळत घातले. वाळले की आमच्यात वाटले.

माझ्या वाट्याला आलेल्या मास्कला आतून लिपस्टिक लागली होती.

मी तो हातात धरून उभी राहिले. माझी आई लग्नांच्या पंगती उठल्यावर उरलेलं उष्टं पदरात घेऊन यायची. आम्ही भावंडं ते आनंदानं खायचो. मला वाटलं होतं, ते आईबरोबर संपलं. आता उष्ट्यातून श्वास घ्यायचा. घेतला. घरी चूल होती, आणि वॉर्डात माणसं होती.

सुनंदाला ताप आला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही. कामावर आली. दुपारी जिन्याखाली, जिथं आम्ही कपडे बदलायचो, तिथं भिंतीला टेकून बसली. ओठ निळे झाले होते.

"आक्का, दम लागतोय."

मी धावत गेले. मेट्रन बाई म्हणाल्या, "बेड नाहीये. मी कुठून आणू?"

जो पॅसेज ती रोज पुसायची त्याच पॅसेजमध्ये तिला स्ट्रेचरवर ठेवली. ऑक्सिजनची नळी लावली. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळेपर्यंत ती तिथंच होती. येणारेजाणारे तिच्या पायाला वळसा घालून जात होते. ज्यांचे बेड ती आवरायची त्यातल्या एकानंही थांबून तिचं नाव विचारलं नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना तिनं माझं मनगट धरलं. बोलायला श्वास नव्हता. तरी बोलली.

"आरतीला हितं कामाला लावू नको."

ती परत आली नाही. दिराला तिचं तोंडही नीट दाखवलं नाही. लांबून एक गाठोडं दाखवलं. तो म्हणाला, "ती हाय का दुसरं कोण, मला कळलं न्हाई वहिनी." घरी आल्यावर आरती म्हणाली, "आई कधी येणार ते सांगा, मी भात लावते." मी तिला जवळ घेतलं.  भात तिनंच लावला. कुणी जेवलं नाही.

मग हॉस्पिटलात शोकसभा घेतली. मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे मालक, खुर्चीत. आम्ही मागं उभ्या. सगळे गप्प उभे राहिले. मग मेट्रन बाई बोलायला लागल्या.

"सुनंदा आपल्यातून गेली ती स्वतःच्या हट्टामुळे. लस घेतली असती तर वाचली असती. पण या लोकांना सांगून कळत नाही. मी स्वतः होळीच्या आधीच घेतली."



"कुटं घेतली?" मी विचारलं.

सगळे वळले. मेट्रन बाई म्हणाल्या, "पुण्यात. का?"

"हितं का न्हाई घेतली? आमच्यासमोर का न्हाई? सुनंदा रोज इचारायची, त्यांनी घेतली का. तुमी घेतलीय हे एकदा बोलला असता, तर तिनं घेतली असती."

"हे बोलायची ही वेळ नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "खाली बस."

बसायला खुर्ची नव्हती. मी उभीच होते.

"तुमी तिला अडाणी म्हणता. आधी मावश्यांना टोचा, कोण म्हणालं व्हतं? ती सुईला घाबरली न्हाई. तुमच्या हसण्यानं उठली ती."

तो चहावाला तरुण डॉक्टर खाली बघत होता. मी तोंडावरचा मास्क काढला आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"ह्यो कुणाचा हाय, ते ज्याचं त्यानं वळखावं. आजपासून मी कुणाचं उष्टं तोंडाला लावणार न्हाई. नवा द्या. न्हाईतर वॉर्डात पाऊल टाकणार न्हाई."

माझ्यामागं हालचाल झाली. एकेक मावशी पुढं आली. एकेकीनं मास्क टेबलावर ठेवला. 

वॉर्डातून पेशंटच्या हाका येत होत्या. आत जाणारं दुसरं कुणी नव्हतं. स्टोअरमधून जाड मास्कांची नवीन पाकिटं निघाली. होती. सगळा वेळ आत पडून होती. सुनंदा होती तेव्हाही होती.

लाट ओसरल्यावर मला काढलं. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. आता लवळ्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर साफसफाई करते.

हल्ली सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर वस्तीत येतात. कधी पोरींची लस असते, कधी म्हाताऱ्यांची. आमच्या बायका दार लावून घेतात. सुनंदाचं सगळ्यांना माहीत आहे, पण उलटंच. कुणी म्हणतं सुईनं मेली, कुणी म्हणतं हॉस्पिटलवाल्यांनी मारली. म्हणून परवा सिस्टर मला न्यायला आल्या.

"मावशी, तुम्ही चला. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "येते. पण आधी सुनंदाचं सांगीन. त्यांनी आमच्यावर बघायचं ठरवलं, मग गुपचूप स्वतः घेतली, ते सगळं. मग लस घ्या म्हणीन."

"ते नका ना काढू. बायका अजून घाबरतील."

"खरं लपवलं म्हणून ती मेली. मी लपवणार न्हाई."

 सिस्टर म्हणाल्या, असं असेल तर आम्ही आमचं बघतो.

बघू दे. मी एकटी फिरते. सुट्टीच्या दिवशी एकेका दारात उभी राहते आणि दोन्ही सांगते. लस घ्या. आणि कुणी तुमच्यावर हसलं तर तिथंच त्याला विचारा, तू घेतलीस का, दंड दाखव. उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नका. उठून जाऊ नका. सुनंदा उठून गेली, आणि त्यांचं काहीच बिघडलं नाही.

माझ्या बायकांनी आता अपमानापायी मरायचं नाही, आणि जगण्यापायी अपमान गिळायचा नाही. मी आहे तोवर या वस्तीत दोन्ही होऊ देणार नाही.